चेंडू हातात घेऊन पळालेला मुलगा

रग्बी म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. चिखलाने माखलेले धिप्पाड पुरुष धडाधड एकमेकांच्या अंगावर पडताहेत आणि त्या ढिगाखाली कुठेतरी एक लांबट चेंडू! रिमोट हातात असेल तर आपण पुढच्या चॅनलवर जातो. या खेळात आपल्यासाठी काय असणार, असं मनात म्हणून मोकळं व्हायचं.

पण या खेळाच्या जन्माची जी गोष्ट जगभर सांगितली जाते, तिची सुरुवात मैदानावर होत नाही. ती होते एका तरुण विधवेच्या बिऱ्हाडात. पुरुषांच्या रग्बी विश्वचषकात १९८७ पासून जो करंडक दिला जातो, त्याचं नाव ‘वेब एलिस कप’. विल्यम वेब एलिस हे त्या मुलाचं नाव, आणि त्यातलं ‘वेब’ हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. अ‍ॅन वेब. करंडक उंचावणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

अ‍ॅनचं लग्न १८०४ साली झालं. नवरा जेम्स एलिस ब्रिटिश सैन्याच्या घोडदळात. फौजेतल्या माणसाचा संसार म्हणजे आज इथे, उद्या तिथे. थोरला मुलगा थॉमस आणि धाकटा विल्यम. विल्यमचा जन्म २४ नोव्हेंबर १८०६ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. तेव्हा युरोपात नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटलेलं होतं. जेम्सची पलटण पोर्तुगाल-स्पेनच्या आघाडीवर गेली आणि १६ मे १८११ रोजी स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत तो मारला गेला. विल्यम तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांचा होता.

घरचा कर्ता पुरुष गेला. पदरी दोन लहान मुलं. हाताशी सैन्याची तुटपुंजी पेन्शन. त्या काळात इंग्लंडमध्ये चांगलं शिक्षण म्हणजे पैसेवाल्यांचं काम. सरकारी शाळा नावाची गोष्टच नव्हती. अशा वेळी नातेवाइकांच्या आश्रयाला जाऊन मुलांना लवकर कुठेतरी कामाला लावणं, हा सोपा रस्ता होता. अ‍ॅनने तो घेतला नाही. तिने एका शाळेचा एक जुना नियम हेरला आणि त्या नियमासाठी आपलं बिऱ्हाड हलवलं.

ती शाळा होती वॉरिकशर परगण्यातल्या रग्बी या छोट्या बाजारगावातली. लॉरेन्स शेरिफ हा मूळचा याच भागातला. लंडनला जाऊन तो किराणा-मसाल्याचा मोठा व्यापारी झाला, थेट राणी पहिली एलिझाबेथ हिच्या घरी माल पुरवू लागला. १५६७ साली मरताना त्याने गावच्या मुलांना मोफत शिकता यावं म्हणून पैसा ठेवला आणि त्यातून ‘रग्बी स्कूल’ उभी राहिली. पुढे शाळेचं नाव झालं, दूरदूरच्या श्रीमंत घरांतली मुलं भरपूर फी भरून वसतिगृहात राहू लागली. पण मूळचा नियम टिकून होता. गावापासून दहा मैलांच्या आत राहणाऱ्यांच्या मुलांना फी माफ!

मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून शहरात खोली घेणाऱ्या, चांगल्या शाळेजवळ जागा मिळावी म्हणून वणवण करणाऱ्या आया आपल्याला काही नव्या नाहीत. अ‍ॅन त्यांच्यातलीच एक. ओळखीपाळखीचा गोतावळा सोडून ती रग्बीत येऊन राहिली आणि दोन्ही मुलं त्या नामांकित शाळेत शिकली. विल्यम १८१६ साली शाळेत दाखल झाला आणि जवळजवळ नऊ वर्षं तिथे होता.

शाळेच्या भाषेत अशी मुलं म्हणजे ‘गावची मुलं’. संध्याकाळी बाकीचे वसतिगृहात परतायचे, हा आपल्या आईच्या घरी. त्यांचं खाणं-पिणं, भांडणं, गुपितं सगळं वसतिगृहात. अशा ठिकाणी फी माफ असलेल्या मुलाची जागा कुठे असते, हे वेगळं सांगायला नको. अभ्यासात मात्र विल्यम हुशार निघाला, क्रिकेटही उत्तम खेळायचा. फक्त खेळताना नियमांच्या कडेकडेने जाऊन फायदा उठवायची त्याला खोड होती, अशी आठवण त्याच्या काळातल्या एका विद्यार्थ्याने म्हातारपणी सांगितली आहे.

तेव्हा शाळेत फुटबॉल खेळलं जायचं, पण आजचं फुटबॉल डोळ्यांसमोर आणू नका. छापील नियम नव्हते, पंच नव्हता, किती जणांनी खेळायचं याला धरबंध नव्हता. काय चालेल आणि काय नाही, हे मोठी मुलं ठरवायची आणि पुढच्या मुलांना तोंडी सांगायची. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणंसुद्धा नियमात बसायचं! १८३९ साली विधवा राणी अ‍ॅडिलेड शाळा पाहायला आली, तेव्हा झालेल्या सामन्यात एका बाजूला ७५ मुलं होती आणि दुसऱ्या बाजूला २२५. म्हणजे खेळ कमी आणि जत्रा जास्त.

या जत्रेत नव्या मुलाचं काम काय? तर गोलजवळ घोळक्याने उभं राहायचं. मोठी मुलं चेंडूमागे धावणार, लहानांनी थंडीत कुडकुडत गोल राखायचा आणि अंगावर आलेल्यांना अडवायचं. धक्के खात, बघत बघत, हळूहळू खेळ अंगात मुरायचा. मग एक दिवस पुढे जायची परवानगी मिळायची. नवख्याने गप्प राहून शिकावं, हा तिथला अलिखित नियम होता.

आता गोष्टीचा तो प्रसिद्ध दिवस. साल १८२३, विल्यम सोळा वर्षांचा. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे हवेतून आलेला चेंडू हाताने झेलायला परवानगी होती. पण झेलल्यावर मागे सरकायचं आणि चेंडूला लाथ मारायची. समोरच्यांनी झेल घेतल्या जागेपर्यंतच यायचं, त्याच्या पुढे नाही. चेंडू हातात घेऊन पुढे पळणं? छे, भलतंच! विल्यमने चेंडू झेलला. मागे सरकण्याऐवजी तो छातीशी घट्ट धरला आणि समोरच्या गर्दीत घुसून गोलच्या दिशेने सरळ धूम ठोकली.

बस्स, एवढीच ती गोष्ट. पण तिच्यातून एक नवा खेळ जन्माला आला, असं मानलं जातं.

विल्यमचं पुढचं आयुष्य मात्र अगदी सरळ रेषेत गेलं. तो ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेला. १८२७ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधला पहिलावहिला क्रिकेट सामना झाला, त्यात तो ऑक्सफर्डकडून खेळला. पदवी घेऊन तो पाद्री झाला. लंडनमधल्या चर्चमध्ये प्रवचनं देऊ लागला, त्यांना गर्दीही होऊ लागली. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर त्याने दिलेलं प्रवचन इतकं गाजलं, की एका सचित्र साप्ताहिकाने त्याचं चित्र छापलं. त्याचं तेवढंच एक चित्र आज आपल्यापाशी आहे. १८५५ साली एसेक्समधल्या एका खेड्याच्या चर्चची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याने लग्न केलं नाही. २४ जानेवारी १८७२ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मांतों गावी त्याचं निधन झालं. मागे राहिलेले सुमारे नऊ हजार पौंड बहुतांशी धर्मादाय संस्थांना गेले. फी माफीवर शिकलेल्या मुलाने समाजाचं देणं असं फेडलं!

गंमत पाहा. याच्या बरोबर वर्षभर आधी, २६ जानेवारी १८७१ रोजी, लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये २१ क्लबांचे प्रतिनिधी जमले होते आणि त्यांनी ‘रग्बी फुटबॉल युनियन’ स्थापन केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये एडिंबरात स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. म्हणजे खेळाचं बारसं एलिसच्या हयातीतच झालं. पण त्या पाळण्याशी त्याचं नाव तोवर कुणीच जोडलेलं नव्हतं.

ते जोडलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. मॅथ्यू ब्लॉक्सॅम नावाचे याच शाळेचे जुने विद्यार्थी आणि इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी १८७६ साली शाळेच्या मासिकाला पत्र लिहिलं, की चेंडू घेऊन पळण्याची प्रथा एलिस नावाच्या एका गावच्या मुलाने सुरू केली. १८८० मध्ये पुन्हा लिहून १८२३ हे सालही दिलं. अडचण एवढीच, की ब्लॉक्सॅम स्वतः त्याआधीच शाळा सोडून गेले होते. त्यांनी हे कुणाकडून तरी ऐकलं होतं. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी रीतसर चौकशी केली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पत्रं लिहून विचारलं. तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस सापडला नाही. तरी समितीने कौल एलिसच्या बाजूने दिला आणि १९०० साली शाळेच्या भिंतीवर त्याच्या नावाची शिळा बसली. त्या काळच्या नियमांची त्याने कशी सुरेख अवज्ञा केली, याचं तिच्यावर कौतुक कोरलंय. शाळेने नियम मोडल्याबद्दल पाठ थोपटलेला विद्यार्थी विरळाच!

खरं काय झालं असावं? कागदपत्रं सांगतात, की चेंडू घेऊन पळणं एका दिवसात रुळलं नाही. १८३८-३९ च्या सुमारास जेम मॅकी नावाच्या दांडगट, वेगवान मुलाने ते लोकप्रिय केलं. १८४१-४२ मध्ये शाळेत त्याला मान्यता मिळाली आणि १८४५ साली तीन विद्यार्थ्यांनी बसून खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले. म्हणजे हा खेळ अनेक पोरांनी मिळून, भांडत-तंडत घडवला. तरीही लोकांनी मनात जपला तो एलिसच. सगळे मागे सरकत असताना एक उपरा मुलगा पुढे पळाला, ही कल्पना कुणाला आवडणार नाही? जिथे आपल्याला कोपऱ्यात उभं केलं जातं, तिथून पळत सुटावंसं कधी ना कधी प्रत्येकीला वाटलेलं असतं.

आणि या खेळाच्या कहाणीत अ‍ॅनसारख्या आणखीही बायका आहेत, शिळेवर नाव नसलेल्या. रग्बी स्कूलच्या समोरच रिचर्ड लिंडन नावाच्या चांभाराचं दुकान होतं. मुलांसाठी तो चामड्याचे चेंडू शिवायचा. आत हवा भरायला असायचं डुकराचं मूत्राशय. ते ताजं, ओलं असतानाच तोंडाने फुगवावं लागायचं. हे काम त्याची बायको रिबेका करायची. सतरा मुलांची आई ती. असं सांगतात, की रोगट जनावरांची मूत्राशयं फुगवून फुगवून तिला फुप्फुसाचा आजार जडला आणि त्यातच ती गेली. त्यानंतर, १८६२ च्या सुमारास, लिंडनने रबराची पिशवी आणि हातपंप शोधून काढला. जगभरातल्या मैदानांवर उसळणाऱ्या त्या चेंडूत आधी एका बाईचा श्वास भरलेला होता, हे वाचल्यावर आपलाच श्वास क्षणभर अडकतो.

मग मुली मैदानात कधी उतरल्या? नोंद सापडते ती आयर्लंडमधल्या एनिसकिलन गावची, साल १८८७. एमिली व्हॅलेंटाइन ही दहा वर्षांची मुलगी. तिचे वडील पोर्टोरा रॉयल स्कूलमध्ये उपमुख्याध्यापक. भावांबरोबर सराव करता करता तिला खेळ येऊ लागला होता, पण सामन्याच्या दिवशी तिची जागा कडेला. एकदा भावांच्या संघात एक गडी कमी पडला. एमिलीने हट्ट धरला, कोट आणि हॅट काढून ठेवली आणि मैदानात शिरली. चेंडू हातात येताच समोरच्यांना चकवत पळाली आणि तो रेषेपार नेऊन टेकवला! मोठेपणी तिने स्वतःच वहीत हे सगळं लिहून ठेवलं. विल्यमच्या धावेला साक्षीदार नाही. एमिलीच्या धावेची साक्ष मात्र तिच्याच हातची आहे.

तरी बायकांच्या रग्बीला दारं उघडायला आणखी शंभर वर्षं लागली. १९९१ साली इंग्लंडच्या रिचमंड क्लबमधल्या चार मैत्रिणींनी चंग बांधून वेल्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरवला. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नव्हती, पैसा नव्हता, पण १२ देशांचे संघ आले. रशियातून आलेल्या मुलींनी तर खर्च भागवायला बरोबर आणलेल्या वस्तू विकल्या. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९-६ असं हरवलं. त्या चौघींपैकी एक, डेबोरा ग्रिफिन, २०२५ मध्ये रग्बी फुटबॉल युनियनची अध्यक्ष झाली. १८७१ पासूनच्या इतिहासातली पहिली महिला अध्यक्ष. त्याच वर्षी लंडनच्या ट्विकनहॅमला महिलांचा अंतिम सामना बघायला ८० हजारांहून जास्त लोक आले होते.

आज एखादीला हा खेळ सुरू करायचा असेल, तर नडगीवर लाथा खात गोलजवळ उभं राहावं लागत नाही. सुरुवात ‘टच’ किंवा ‘टॅग’ रग्बीने करतात. त्यात पाडापाडी नाही. समोरचीला नुसता हात लावायचा, नाहीतर कमरेला अडकवलेली पट्टी ओढायची. पहिला धडा एकच. चेंडू हातात घेऊन पुढे पळा, पण हाताने पास करायचा तो मागच्या सोबतिणीकडे. पुढे जाण्यासाठी मागे द्यावं लागतं, हे हाताला पटायला वेळ लागतो. दुसरा धडा पडायचा. पडताना हनुवटी छातीशी, चेंडू पोटाशी. मग प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली टॅकल शिकायचा, म्हणजे पळणारीला मिठी घालून खाली आणायचं. डोकं तिच्या वाटेत येऊ द्यायचं नाही आणि खांद्याच्या वर हात लावायचा नाही. कबड्डी खेळलेल्या मुलीला यातलं अर्धं आधीच येत असतं!

चेंडू रेषेपार टेकवला की ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. पूर्वी याला गुणच नव्हता. फक्त गोलमध्ये लाथ मारून बघायची एक संधी मिळायची, म्हणून नाव ‘ट्राय’. मला या खेळातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे पंधरा जणींच्या संघात प्रत्येक अंगकाठीला जागा असते. पुढच्या फळीत भक्कम, वजनदार मुली लागतात, उडवलेला चेंडू झेलायला उंच, कडेने पळायला चपळ, आणि गर्दीतून चेंडू काढून द्यायला एखादी बुटकी, तरतरीत. जाड आहेस, उंचच आहेस, किरकोळ आहेस, असं ऐकत वाढलेल्या मुलींना याची किंमत जास्त कळेल.

आपल्या देशाशीही या खेळाचं नातं जुनं आहे. एलिस गेला त्याच वर्षीच्या नाताळात कोलकात्यात रग्बीचा सामना झाला. तिथला क्लब पुढे बंद पडला, तेव्हा सदस्यांनी खात्यातले चांदीचे रुपये वितळवून एक सुंदर चषक घडवला. झाकणावर हत्ती, मुठींना नाग. ‘कलकत्ता कप’ म्हणून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी १८७९ पासून खेळताहेत. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी कित्येक वर्षं रुजलेली आहे. आणि २०१९ साली मनिला इथे भारताच्या मुलींनी सिंगापूरला हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. भारताकडून खेळणाऱ्या मुलींमध्ये ओडिशाच्या आदिवासी पाड्यांतून शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या मुलीही आहेत. शाळेसाठी गाव सोडलं आणि तिथे हा खेळ भेटला... ओळखीची वाटते ना ही गोष्ट?

मांतोंमधली एलिसची कबर बरीच वर्षं विस्मरणात गेली होती. १९५८ साली ती शोधून काढण्यात आली. आता तिथे जगभरातले खेळाडू फुलं वाहायला जातात. तो खरंच चेंडू घेऊन पळाला होता का, यावर वाद चालूच राहतील. पण नवरा गमावलेल्या एका बाईने दोन पोरांचं बोट धरून शाळेसाठी गाव बदललं, यात कसलाच वाद नाही. त्या गोष्टीतली पहिली धाव तिची होती. तुमच्या घरातली एखादी मुलगी उद्या लांबट चेंडू घेऊन घरी आली, तर तिला रग्बीचे नियम समजावून सांगायला विसरू नका. आणि अ‍ॅनची गोष्टसुद्धा.